मल्लूअण्णाची दोन कुलपं

मुक्ते, हे पत्र नीट बसून वाच. आधी तुला जरा बोलून घेते, मग बाकीचं. आतेबहिणीच्या लग्नाला कोल्हापुरात आलीस, रंकाळ्यावर फोटो काढलेस, आणि माझ्या दारावरून रिक्षानं निघून गेलीस. त्या रिक्षावाल्यानंच सांगितलं मला. या गल्लीत काही लपून राहत नाही, हे तुझ्या आईनं तुला सांगितलं नाही वाटतं. आणि परवा फोनवर विचारतेस, "अक्काआजी, माझे आजोबा लई संशयी होते म्हणे, खरं का?" तू पोटात होतीस तेव्हापासून मी तुला ओळखते, आणि तू मला फोनवर विचारतेस. एका वाक्यात सांगण्यासारखा माणूस नव्हता तो. म्हणून हे लिहायला बसले.

तुला ठाऊक आहे, उद्यमनगराच्या मागच्या गल्लीत माझं मिरची कांडप. पुढं मशीन, मागं घर, आणि बाजूला पत्र्याचं मोठं शेड. ते शेड तेव्हा रिकामं होतं. गॅरेजसाठी भाड्यानं मागायला मल्लूअण्णा आला. उंच, काळा, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. माणूस मुरगूडच्याही पलीकडचा, सीमेकडचा. मराठी बोलता बोलता मधेच कानडीत शिरायचा, स्वतःशी काहीतरी पुटपुटायचा आणि परत मराठीत यायचा. शेड बघायला आत गेलाच नाही. दारातच उभा राहिला.

"हितं आदी कोन हुतं?"

"लेथवाला होता."

"का ग्येला?"

"शिरोलीला मोठी जागा घेतली त्यानं."

"असं त्यो सांगतोय," अण्णा म्हणाला. "खरं का ग्येला?"

मी म्हटलं, "पावणं, तुम्हाला जागा पाहिजे का लेथवाल्याचा पत्ता?"

हसला नाही. "पत्ता द्या की," म्हणाला. आणि खरंच शिरोलीला गेला, लेथवाल्याला शोधून काढलं, विचारून संध्याकाळी परत आला. "खरं हाय तुमचं," म्हणाला. अशी आमची ओळख. मला इतका राग आला होता की जागा द्यायचीच नाही असं ठरवलं होतं. पण त्याच्यामागं परकरातली एक मुलगी उभी होती, तुझी आई गिरिजा. आई नसलेली मुलगी लांबूनही कळते गं. दिली जागा.

दुसऱ्या दिवशी अण्णा दोन कुलपं घेऊन आला. दोन्ही एकाच कडीला लावली. एक किल्ली आपल्या करगोट्याला बांधली आणि दुसरी माझ्या हातावर ठेवली.

"अक्का, ही तुमच्याकडं. सकाळी तुमी तुमचं काडायचं, मी माझं काडायचं. तुमास्नी एकटीला उघडता येत न्हाय, मला एकट्याला उघडता येत न्हाय."

"अहो, गॅरेज तुमचं, हत्यारं तुमची. स्वतःवर कशाला कुलूप?"

"माझा तरी मला काय भरवसा?" असं म्हणून गेला.

झालं. त्या दिवसापासून रोज सकाळी कमरेची किल्ली काढत मी शेडच्या दाराशी जायची. पाऊस असो, ताप असो. मला आधी वाटलं, हा चोरीच्या गाड्या ठेवणार आणि उद्या पोलीस आले की म्हणणार, किल्ली बाईकडं पण होती. म्हणून कितीतरी दिवस मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्यावर नजर ठेवून होते. तो माझ्यावर ठेवून होता. मिरच्या कांडायला आणायचा तर सगळा वेळ मशीनशेजारी बसायचा. आपल्या मिरच्या बदलतील म्हणून बायकाही बसतात, आमच्या धंद्यात त्यात काही नवल नाही. पण बायका गप्पा मारतात, मिरच्या विसरतात. हा मात्र नाकाला पंचा लावून, डोळ्यांतून पाणी गळत असताना एकेका मिरचीकडं बघत बसायचा.

"अण्णा, तुमची ब्याडगी मी खाऊन टाकत नाही."

"तुमी न्हाय वो. पर मशीन कुनाचं असतंय?"

गाडी दुरुस्तीला आली की मालकाला तो बाकावर बसवायचा आणि गाडीभोवती दोन फेऱ्या मारायचा, जसं काही गाडीच काहीतरी लपवतेय. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवायचा, काजळी बोटावर चोळायचा, वास घ्यायचा. मालक म्हणाला, परवाच तेल बदललं, की अण्णाचं ठरलेलं, "असं तुमी सांगताय." पेट्रोलमधलं शिसं काढलं असं पंपावर लिहून आलं तेव्हा चार दिवस त्याला झोप नव्हती. "शिसं काडलं म्हनत्यात. काडलं तर ठिवलं कुटं?" मला विचारायचा. जणू मीच डब्यात भरून ठेवलं होतं.

तुझ्या आईचं लग्न ठरवतानाही तेच. स्थळ पेठ वडगावचं, मुलगा दुबईला मोठ्या गॅरेजात कामाला, नाव शिवानंद. मुलाकडच्यांनी पत्रिका दिली, फोटो दिला. अण्णानं फोटो खिशात घातला आणि बाजाराच्या दिवशी वडगावला जाऊन भाजीवालीपासून बैलवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवत फिरला. "ह्यो पोरगा बघिटलाय का? रस्त्यात थुकतोय का? आईसंगं कसा बोलतोय?" भाजीवाल्यांना वाटलं पोलिसांचा माणूस. मुलाच्या घरी निरोप पोचला की तुमच्या मुलाला कोणीतरी शोधतंय. तरी लग्न झालं. शिवानंदराव, म्हणजे तुझे पप्पा, लग्नानंतर सासऱ्याला मामा म्हणायचे. अण्णा त्यांना पावणं म्हणायचा. रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसाला म्हणतात तसं, त्याच सुरात.

आता मुख्य गोष्टीकडं येते. नव्वदीचा शेवट होता. तू तुझ्या आईच्या पोटात होतीस, ती बाळंतपणाला इथं आलेली. आणि तुझे पप्पा अचानक दुबई सोडून आले. मागून मुंबईला जहाजानं त्यांची गाडी आली. चांदीच्या रंगाची, जपानी. गल्लीतली सगळी पोरं तिच्या आरशात तोंड बघून गेली.

अण्णा मला म्हणाला, "नोकरी सोडून आलोय म्हनतोय. सोडली का सोडवली?"

खरं काय ते तुझ्या आईनं मला सांगितलं. कंपनी त्यांना सोडायला तयार नव्हती. महिनाअखेरपर्यंत परत या, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो, असं म्हणत होती. त्यांना जायचं नव्हतं. तिथं बायकामुलांना नेता येत नव्हतं आणि मूल फोटोत बघून वाढवायची त्यांची तयारी नव्हती. कोल्हापुरात गाड्या पळवायचं वेड आहेच. तेव्हा साध्या गाड्यांना टर्बो बसवून द्यायचा धंदा करावा, अण्णाच्या शेडमध्ये अर्धी जागा मिळावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. "अण्णा हो म्हणाले तर राहतील, अक्का," तुझी आई म्हणाली, "नाहीतर बाळ बघून एकटे जातील." मुळा चिरत होती. मान वर केली नाही तिनं.

मी हे अण्णाला सांगितलं. तो म्हणाला, "असं ती सांगत्या. म्हंजे त्यो तिला सांगतोय."

पण नाही म्हणाला नाही. जावयाला बोलावून म्हणाला, "पावणं, पयली आपली गाडी करा. चौघं बसवून जोतिबाच्या डोंगरावर न थांबता चडवून दावा. मग जागंचं बघू."

टर्बो म्हणजे काय, हे तुझ्या पप्पांनी मला माझ्या कांडपाच्या पट्ट्यावर समजावून सांगितलं होतं. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा इंजिनात जोरानं ढकलतं. गाडीला बळ येतं. मुंबईच्या भंगारातून टर्बो आणला. इंजिनातून धूर जिथं बाहेर येतो ते बिडाचं तोंड नवीन करायला लागलं, ते शिरोलीच्या एका फौंड्रीत ओतून घेतलं. इथवर अण्णा गप्प होता. बिडाला हात लावून, वाजवून बघायचा आणि मान हलवायचा.

भांडण झालं पंपावरून. त्या जपानी गाडीत इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा एक छोटा पंप होता, मोठ्या डब्याएवढा. त्यातून एक रबरी नळी निघून धुराच्या वाटेवर जायची.

"ह्यो काय करतोय?" अण्णानं विचारलं.

"मामा, ह्यो धुरात ताजी हवा सोडतोय. म्हंजे जळायचं ऱ्हायलेलं पेट्रोल नळीतच जळतंय. भायेर साफ धूर जातोय."

अण्णा बघत राहिला. "टाकून द्यायच्या धुराला वारा घालायचा? मेलेल्या मानसाला पंखा?" मग म्हणाला, "काडून टाका. फुकट पट्टा फिरतोय, ताकद खातोय."

"राहू द्या, मामा. उद्या कायदे येणार. नुसती पळणारी गाडी चालायची न्हाय, साफ पळणारी लागणार. आनि गिरिजाला धुरानं उलट्या हुत्यात."

"काडा म्हनतो."

"राहू द्या म्हनतो."

दोन्ही बाजूंनी आवाज चढले. कोल्हापुरात आवाज चढले म्हणजे भांडणच झालं असं नाही, पण हे भांडण होतं. पंप राहिला. त्याची नळी होती तशी जुन्याच जागी, इंजिनाजवळच्या नव्या बिडाच्या तोंडाला जोडली. हवा आत जावी पण धूर उलटा पंपात येऊ नये म्हणून त्या नळीत एक व्हॉल्व्ह असतो, आत पातळ पत्र्याची पाकळी. ती एकाच बाजूला उघडते. तोही बसवला.

दोन दिवसांनी भर दुपारी अण्णा माझ्याकडं आला. मशीन बंद होतं. इकडंतिकडं बघून म्हणाला, "अक्का, तुमची किल्ली आना."

"शेड उघडंच आहे की."

"पावण्यांनी दोनी कुलपं दाबून लावल्यात. गिरिजाला डाक्टरकडं घिऊन ग्येल्यात. तवर उघडूया."

"काय बघायचंय?"

आवाज अगदी खाली आणला त्यानं. "त्यो पंप. जवा बगावं तवा, मामा पंप राहू द्या. दुबईवरनं आलेली गाडी. आत काय असंल सांगा."

"काय असेल?"

"पिवळं."

मी हसले. पण हसता हसता माझ्याही मनात आलं. तेव्हा दुबईहून सोनं कशाकशातून आणतात त्याच्या गोष्टी रोज कानावर यायच्या. बुटाच्या टाचेतून, इस्त्रीतून. आणि तुझे पप्पा रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये जायचे, काचेचं दार लावून घ्यायचे आणि हळू आवाजात बोलायचे. कंपनीशी बोलतात असं तुझी आई म्हणायची. असं ती म्हणायची. बघ, अण्णाबरोबर राहून मलाही तीच सवय लागली होती.

दोन्ही कुलपं काढली. अण्णानं माझी मिरच्यांची परात मागून घेतली आणि एकेक स्क्रू ओळीनं त्यात मांडत गेला. पंप उघडला. आत काळी पाती, काळी भुकटी, बस. अण्णाचं समाधान होईना. कानस घेऊन त्यानं एक पातं घासून बघितलं, रंग दिलेलं सोनं तर नाही. काळं होतं ते काळंच निघालं. तेवढ्यात गल्लीत रिक्षा वाजली. घाईघाईनं सगळं परत बसवलं, व्हॉल्व्ह लावला, कुलपं लावली. तुझी आई रिक्षातून उतरताना अण्णा पायरीवर बसून दात कोरत होता.

मला वाटलं आता तरी त्याचं मन साफ झालं असेल. कुठलं. संध्याकाळी म्हणाला, "सोनं न्हाय. मग फोन कुनाला करतोय?"

रविवारी जोतिबाला निघालो. रविवार देवाचा, डोंगरावर गर्दी. गाडी तुझे पप्पा चालवत होते, शेजारी अण्णा, मागं मी नारळ मांडीवर घेऊन, आणि माझ्या शेजारी मिरच्यांचं एक भरलं पोतं. चौघं पाहिजेत असं अण्णा म्हणाला होता ना, आणि तुझ्या आईला त्या दिवसांत घाटात नेणं बरं नव्हतं. म्हणून चौथ्याच्या जागी पोतं. तेही अण्णानं स्वतः तोलून घेतलं होतं.

चढ लागला आणि गाडीनं असा जोर घेतला की नारळ मांडीवरून माझ्या पोटावर आदळला. एसटीला मागं टाकलं, जीपला मागं टाकलं. मी आरशातून अण्णाचं तोंड बघत होते. तो रस्त्याकडं बघत नव्हता. कान देऊन बसला होता, डॉक्टर छातीला कान लावतात तसा. तुझ्या पप्पांच्या ओठांवर हसू यायला लागलं होतं. देऊळ दिसायला दोन वळणं राहिली, आणि जळक्या रबराचा वास आला. मग पट्टा किंचाळला. मग बॉनेटमधून धूर.

दुकानांच्या रांगेपाशी गाडी थांबली. नारळ-गुलालाचं दुकान होतं, तिथला माणूस पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला. गाडीचा रंगढंग बघून म्हणाला, "दुबईची दिसतीया. जोतिबाला चालतच यावं लागतंय बगा, पावणं."

तुझ्या पप्पांनी बॉनेट उघडलं. रबरी नळी वितळून लोंबत होती, पंप जाम झालेला. ते हात कमरेवर ठेवून नुसते बघत राहिले. मला त्यांच्या पाठीकडं बघवेना. महिना संपायला थोडेच दिवस उरले होते, आणि गाडी चढली नव्हती. अण्णानं घातलेली अट अण्णाच्या डोळ्यांसमोर मोडली होती. तो आता "असं त्यो सांगत हुता" म्हणणार, याची मी वाट बघत होते.

अण्णा मात्र दुसऱ्याच कशाकडं तरी बघत होता. आपल्या हातांकडं.

"पावणं," तो म्हणाला, "त्यो पंप मी खोलला हुता."

"कवा?"

"तुमी डाक्टरकडं ग्येलता तवा. सोनं बगायला."

गुलालवाला म्हणाला, "मग घावलं का?"

त्याच्याकडं कोणी लक्ष दिलं नाही. अण्णाचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, एखाद्या आजारी माणसाचा असावा तसा. "घाई झाली. त्यो वारा अडवायचा व्हॉल्व्ह माझ्या हातनं उलटा बसला असंल. म्हनून धूर माघारी आला. तुमचा टर्बो बराबर हाय. तुमची चूक न्हाय."

मुक्ते, तुझ्या पप्पांनी त्या वेळी नुसती मान हलवली असती तरी सगळं मिटलं असतं. अट पुरी झाल्यासारखी, जागा मिळाल्यासारखी, वर सासरा जन्मभर दबून. तिथं कोणाला काय कळणार होतं?

त्यांनी तांब्यातलं पाणी घालून व्हॉल्व्ह निववला आणि काढला. कोणत्या बाजूला हवा जावी याची बाणाची खूण त्यावर असते म्हणे, पण ती काजळीनं बुजली होती. त्यांनी दुकानदाराकडून चिमूटभर गुलाल मागून घेतला. पंपाकडच्या तोंडात तो गुलाल भरला. अण्णाला दुसऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास नाही, तेव्हा तो वाकून पलीकडच्या तोंडाशी डोळा लावून बसला. तुझ्या पप्पांनी फुंकलं.

सगळा गुलाल अण्णाच्या तोंडावर. भस्माचे पट्टे गुलाबी, मिशा गुलाबी. मागून जाणारी माणसं सवयीनं "चांगभलं" म्हणून गेली.

"व्हॉल्व्ह सुलटा हाय, मामा," तुझे पप्पा म्हणाले. "तुमी बराबर बसवलाय." मग त्यांनी तो फिरवून दुसऱ्या बाजूनं फुंकला. तिकडून हवा जायलाच नको, पण थोडा गुलाल गळला. "हे बगा. आतली पाकळी वाकलीया. टर्बो लावला की त्याच्या अलीकडं धूर तुंबतोय. मी नळी तिथंच ठिवली, पयल्या जागी. पंप दुबळा, धूर दांडगा. पाकळी वाकवून माघारी आला. नळी टर्बोच्या पलीकडं घ्यायला पायजे हुती, तिथं जोर कमी असतोय. चूक माझी हाय."

आणि व्हॉल्व्ह पुसत म्हणाले, "पर मामा, सोनं बगायचं हुतं तर मला सांगायचं की. स्क्रू मी ढिले करून दिले असते."

अण्णानं तोंड पुसलं नाही. पंपाचा पट्टा काढला, धुराच्या वाटेवरचं भोक बोल्ट घालून बंद केलं, आणि गाडी हळूहळू खाली आली. पंपाशिवाय चालते ती. मी उरलेली दोन वळणं चालत जाऊन नारळ फोडला आणि एसटीनं परत आले. संध्याकाळी अण्णा माझ्या ओट्यावर येऊन बसला. कानांच्या पाळ्या अजून गुलाबी होत्या.

"अक्का," म्हणाला, "आयता चोर मिळाला हुता त्येला. मी सोताहून हात वर केला हुता." बोटानं पाळी पुसून गुलाल बघितला. "धरला न्हाय त्यानं मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी किल्ली घेऊन शेडकडं गेले, तर दारात तुझे पप्पा उभे. त्यांच्या हातात करगोट्याची किल्ली. अण्णा लांब पायरीवर बसून चहा पीत होता.

"शिवा," तिथूनच ओरडला, "उघड की गा. अक्का खोळंबल्यात."

लग्नाला वर्ष उलटून गेलं होतं. पावणं सोडून दुसरा शब्द त्याच्या तोंडून जावयासाठी तोवर आला नव्हता. तुझी आई खिडकीत होती, तिनंही ऐकलं. आत जाऊन तिनं मला चहा टाकला. त्या संध्याकाळी तुझे पप्पा बूथवर गेले ते काचेचं दार सताड उघडं ठेवून. सगळ्या गल्लीनं ऐकलं, ते कंपनीला म्हणत होते, माझी जागा दुसऱ्याला द्या.

मग बिडाचं तोंड पुन्हा ओतून घेतलं, जुनी भोकं बंद. हवेची नळी टर्बोच्या पलीकडं नेली, धूर साफ करणाऱ्या डब्याच्या जरा अलीकडं. टर्बो जोरात असेल तेव्हा पंपाची हवा बाहेरच सोडून द्यायची म्हणून आणखी एक छोटा व्हॉल्व्ह बसवला. गाडी चालू करायच्या आधी अण्णानं काय करावं? माझ्या कांडपाची मोटर शेडमध्ये ओढून आणली, तिच्यावर पट्टा चढवून तो पंप फिरवला आणि पंपाच्या तोंडाशी गुलाल धरला. सांध्यांवर कुठं गुलाबी येतंय का बघत बसला. सांधे कोरडे राहिले आणि गुलाल भस्सकन सायलेन्सरमधून पत्र्याच्या भिंतीवर. गाडी पुढच्या रविवारी चढली, पोत्यासकट, न थांबता. पण अण्णासाठी परीक्षा त्या भिंतीवरच संपली होती. पुढं शेडमध्ये आलेल्या प्रत्येक गाडीला तोच नियम. "आदी गुलाल, मग पेट्रोल," गिऱ्हाइकांना सांगायचा.

अण्णा बदलला असं समजू नकोस. तू झालीस तेव्हा दवाखान्यात तुला बघून त्यानं नर्सला विचारलं, "हीच का आमची?" तिनं तुझ्या मनगटावरची नावाची चिठ्ठी दाखवली. "असं ती चिठ्ठी सांगत्या," म्हणाला. मग तुझ्या डाव्या कानामागचा तीळ दिसला, तुझ्या आज्जीला होता तसाच, तेव्हा तुला घेतलं. सगळ्या जगावर त्याचा संशय तसाच राहिला. एका माणसावरचा गेला. तुझे पप्पा काही बोलले आणि कोणी शंका काढली, तर अण्णा म्हणायचा, "शिवा सांगतोय नव्हं? मग हाय तसं."

तू बालवाडीत होतीस तेव्हा त्याला दुखणं आलं. सलाईन लावलं तर डॉक्टरांना विचारायचा, हे पाणी कुठल्या विहिरीचं. शेवटी घरी आणलं. मी रोज जाऊन बसायची. एके दिवशी तुझे पप्पा औषध आणायला बाहेर गेले, तेव्हा त्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"अक्का, तुमची किल्ली शिवाला दिऊ नगा."

मी चपापले. "का हो अण्णा? अजून?"

"मानूस सोन्यासारखा हाय," तो म्हणाला. "पर कुलपं दोनच ऱ्हाऊ द्यात."

त्यानंतर चार दिवसांनी गेला. पुढं तुम्ही पुण्याला गेलात, धंदा मोठा झाला. शेड मी कोणाला दिलं नाही. अजून दोन्ही कुलपं आहेत.

आता माझाही एक संशय सांगते, अण्णा ऐकत नाही म्हणून. ते दुसरं कुलूप चोरीसाठी नव्हतंच. बायको गेलेला माणूस, परक्या गावात, पोर लहान. रोज सकाळी कोणीतरी दाराशी यावं, "अण्णा, चहा झाला का?" असं विचारावं, यासाठी त्यानं ती किल्ली माझ्या हातावर ठेवली असणार. सरळ सांगता आलं नाही त्याला. असा माझा संशय. पुरावा काही नाही, पण मी अजून त्याच वेळेला उठते आणि कंबर चाचपते, एवढं खरं.

तेव्हा मुक्ते, आता रिक्षानं जायचं नाही. पप्पांना विचार, करगोट्याची ती किल्ली अजून त्यांच्याजवळ असणार, ती घेऊन ये. माझी माझ्या कमरेला आहे. भिंतीवर गुलाबी डाग आहे तुझ्या आजोबाच्या पोटरीएवढ्या उंचीवर, तो दाखवते. गुडघे धरलेत माझे, पण शेडपर्यंत चालते अजून. मला एकटीला ते उघडत नाही, तुलाही एकटीला उघडणार नाही. लवकर ये, बाई. चहा टाकते.